वजन मुलाचं, कारणं भोवतालची

एखादं मूल जाड दिसलं की निवाडा चटकन होतो. खाण्यावर ताबा नाही, अंगात आळस आहे, आईवडिलांचं लक्ष नाही. युरोपात मुलांमधला लठ्ठपणा वाढत गेला तेव्हा तिथेही हेच बोललं जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार युरोप विभागात जवळपास दर तीन मुलांमागे एकाचं वजन प्रमाणाबाहेर आहे. एवढ्या सगळ्या मुलांना एकाच वेळी आळस चढला, असं मानणं कठीण आहे.

खरं काय ते शोधण्यासाठी ‘आयडेफिक्स’ हा मोठा अभ्यास हाती घेतला गेला. त्यात जर्मनी, बेल्जियम, स्वीडन, इस्टोनिया, हंगेरी, इटली, स्पेन आणि सायप्रस हे आठ देश होते. पैसा युरोपीय संघाचा होता आणि सूत्रं जर्मनीतल्या ब्रेमेन शहराकडे होती. २००७-०८ मध्ये २ ते ९ वर्षांच्या १६ हजारांहून जास्त मुलांची तपासणी झाली. उंची, वजन, कमरेचा घेर, खाणं, झोप, खेळ, घरची परिस्थिती अशी सगळी नोंद झाली. दोन वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली गेली. २०१२ पासून ‘आय-फॅमिली’ या पुढच्या टप्प्यात त्यांची भावंडं आणि आईवडीलही सामील झाले. या कामातून अनेक ठाम समजुती मोडीत निघाल्या.

गैरसमज १ : भूमध्य सागराकाठची मुलं पारंपरिक आहारामुळे सडपातळ असतात.

वस्तुस्थिती : भाज्या, फळं, कडधान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेल हा भूमध्य आहार आरोग्याला चांगला, यात वाद नाही. पण तो आता त्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या ताटात फारसा उरलेला नाही. आयडेफिक्समध्ये दक्षिण युरोपात जास्त वजनाच्या आणि लठ्ठ मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलेलं आढळलं, तर उत्तरेकडे ते १० टक्क्यांच्याही खाली होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ ते २०१७ च्या पाहणीतही इटली, सायप्रस, स्पेन, ग्रीस, माल्टा आणि सान मारिनो इथे पाचपैकी जवळपास एक मुलगा लठ्ठ निघाला.

भूमध्य पद्धतीच्या आहाराला गुण देऊन मुलांची तुलना केली, तेव्हा सर्वाधिक गुण स्वीडनच्या मुलांनी मिळवले आणि सायप्रसची मुलं तळाशी राहिली. ज्या मुलांना जास्त गुण मिळाले त्यांच्यात लठ्ठपणा कमी होता. म्हणजे आहाराचा गुण खरा आहे, पण तो जन्मगावाबरोबर आपोआप मिळत नाही. आजीचा स्वयंपाक बाजूला पडून पाकिटातलं खाणं घरात आलं, की परंपरेचा फक्त अभिमान उरतो.

गैरसमज २ : मूल गुटगुटीत असणं हे सुदृढपणाचं लक्षण आहे. वाढत्या वयात ते आपोआप उतरतं.

वस्तुस्थिती : या आठ देशांत जास्त वजनाच्या मुलांच्या बऱ्याच आईवडिलांना आपल्या मुलाचं वजन अगदी योग्य वाटत होतं. आजूबाजूची बहुतेक मुलं तशीच असली की नजरही त्याच मापाला सरावते. पण बालपणी लठ्ठ असलेली बरीच मुलं मोठेपणीही लठ्ठ राहतात. वाढलेला रक्तदाब, इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, यकृतात साठणारी चरबी हे सगळं काही मुलांमध्ये शाळेच्या वयातच सुरू होतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. बालरोगतज्ज्ञांकडच्या वाढीच्या तक्त्यावर वर्षातून एकदा तरी नोंद व्हायला हवी.

युरोपातल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. पुण्याकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं आणि तिकडच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ असलेल्या भारतीय मुलाच्या अंगातही चरबी जास्त असू शकते. त्यामुळे युरोपीय मुलांसाठी ठरलेल्या मर्यादेच्या आत वजन आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

गैरसमज ३ : आमच्या घराण्यातच लठ्ठपणा आहे, त्याला इलाज नाही.

वस्तुस्थिती : जनुकांचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण आय-फॅमिलीतल्या मुलांचा आनुवंशिक कल त्यांच्या राहणीशी जोडून पाहिला, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांमध्ये हा कल जास्त जोर धरतो. आहारात तंतुमय पदार्थ भरपूर असले तर त्याचा जोर ओसरतो. घराण्याकडून आलेली जोखीम सगळ्यांच्या वाट्याला सारखी फळत नाही. ती किती फळणार, हे घरातलं ताट आणि घराची परिस्थितीही ठरवते.

गैरसमज ४ : गोड आणि तेलकट मुलांना उपजतच आवडतं, त्याला कोण काय करणार?

वस्तुस्थिती : गोडाची ओढ जन्मापासून असते हे खरं. पण ती किती वाढते, यात भोवतालचा हात असतो. आयडेफिक्सने ६ ते ९ वर्षांच्या मुलांची चव तपासण्यासाठी सोंगट्यांच्या खेळासारखी चाचणी केली. मुलासमोर सफरचंदाच्या रसाचे दोन नमुने यायचे, एक साधा आणि एक साखर घातलेला. बिस्किटांच्याही जोड्या असायच्या, साधं बिस्कीट आणि जास्त स्निग्धांश असलेलं. दोन्ही चाखून मुलाने आवडीचं निवडायचं.

आवडीवर सर्वांत मोठा प्रभाव निघाला तो मूल कोणत्या देशात राहतं याचा. जास्त गोड आणि जास्त स्निग्ध निवडणाऱ्या मुलांमध्ये वजन जास्त असण्याचं प्रमाणही अधिक होतं. टीव्हीचाही खाण्याच्या सवयींशी संबंध दिसला. मुलाच्या खोलीत टीव्ही असणं, जेवताना तो चालू असणं आणि तो जास्त वेळ पाहणं या सवयींची सांगड गोड-तेलकट खाण्याशी आणि वाढत्या वजनाशी होती. जीभही संगतीने घडते. म्हणून ती पुन्हा घडवताही येते.

गैरसमज ५ : लहान मुलं दिवसभर धावतच असतात, त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही.

वस्तुस्थिती : मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधून हे तपासलं गेलं. रोज किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल व्हावी, असा संकेत आहे. तो पाळणाऱ्या मुली सायप्रसमध्ये फक्त २ टक्के होत्या आणि सर्वांत पुढे असलेल्या स्वीडनमध्येही १४.७ टक्केच. मुलग्यांमध्ये हे प्रमाण इटलीत ९.५ टक्के, तर बेल्जियममध्ये ३४.१ टक्के होतं. आपल्या डोळ्यांना दिसणारी धावपळ आणि यंत्राने मोजलेली हालचाल यांत एवढं अंतर आहे. प्रत्येक देशात मुली मागे असतील, तर दोष मुलींचा म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी मैदान, वेळ आणि मोकळीक कमी पडते आहे का, हे मोठ्यांनी तपासायला हवं.

गैरसमज ६ : झोपेचा आणि वजनाचा काय संबंध?

वस्तुस्थिती : जितकी झोप कमी, तितकं जास्त वजनाचं प्रमाण अधिक, असा चढता क्रम या मुलांमध्ये दिसला. इतर कारणं हिशेबात घेतल्यावर तो बराच सौम्य झाला, पण पुसला गेला नाही. देशादेशांत फरकही मोठा होता. बेल्जियमची मुलं रात्री सरासरी ११.२ तास झोपत होती, तर इस्टोनियाची ९.५ तास. अपुऱ्या झोपेने भूक आणि तृप्ती यांचे संकेत बिघडतात, जागरणात खाणं वाढतं आणि दुसऱ्या दिवशी अंग हलवावंसं वाटत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. तिच्यात काटछाट करून अभ्यास किंवा मोबाइल बसवणं शरीराला महागात पडतं.

गैरसमज ७ : शाळेत नीट समजावून सांगितलं की प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती : आयडेफिक्सने हेही करून पाहिलं आणि त्यातून मिळालेला धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक देशात एका भागात कार्यक्रम राबवला गेला आणि तशाच दुसऱ्या भागाशी त्याची तुलना झाली. जर्मनीत डेल्मेनहॉर्स्टमध्ये कार्यक्रम झाला, तुलनेसाठी विल्हेल्म्सहाफेन होतं. स्पेनमध्ये झारागोझा आणि वेस्का अशी जोडी होती. पाणी प्या, फळं-भाज्या खा, टीव्ही कमी पाहा, भरपूर खेळा, पुरेसं झोपा आणि कुटुंबासोबत वेळ घालवा, असे सहा साधे संदेश होते. शाळा, पालक आणि स्थानिक संस्था सगळ्यांना सोबत घेतलं होतं. तरीही दोन वर्षांनी लठ्ठपणाच्या एकूण प्रमाणात ठळक फरक पडला नाही.

संदेश बरोबर होते, पण शाळेबाहेरचं दुकान, जाहिराती, किमती आणि पालकांच्या कामाच्या वेळा तशाच राहिल्या. याच अभ्यासात शिक्षण आणि उत्पन्न कमी असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये लठ्ठपणा सहसा जास्त दिसला, हे इथे आठवावं.

ब्रिटनने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. एप्रिल २०१८ पासून तिथे साखर घातलेल्या शीतपेयांवर कर लागला, जितकी साखर जास्त तितका कर जास्त. कंपन्यांनी तो लागू होण्याआधीच साखर कमी करायला घेतली. केंब्रिजच्या संशोधकांना पुढे १०-११ वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत तसा फरक दिसला नाही, म्हणून एकटा कर पुरणार नाही हेही खरं. पण तो प्रत्येक आईच्या निग्रहावर विसंबून नव्हता, हे त्याचं बळ.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. तहानेला पाणी, जेवताना टीव्ही-मोबाइल बंद, झोपेची ठरलेली वेळ, आणि खाण्याचे नियम एकट्या ‘जाड’ मुलाला न लावता सगळ्या घराला. मुलाला वजनावरून टोचून बोलणं मात्र आजच थांबवावं, कारण त्याने वजन उतरत नाही, मन तेवढं खचतं. आणि शाळेच्या उपाहारगृहात काय विकलं जातं, घराजवळ खेळायला जागा आहे का, मुलांना उद्देशून कसल्या जाहिराती चालतात, हे प्रश्न पालकसभेत आणि नगरपालिकेत विचारावेत. त्यांची उत्तरं आठ-दहा वर्षांच्या मुलाकडून मागायची नसतात, ती मोठ्यांनी द्यायची असतात.