'हे पुस्तक वाचा' असं म्हणताना आपण काय म्हणतो?

या मालिकेत पुस्तकांचा उल्लेख आला की व्याख्यान संपल्यावर एक मागणी हमखास येते : "सर, दहा पुस्तकांची यादी द्या." यादी देणं सोपं आहे. इतिहासाची दोन, विज्ञानाची दोन, मानसशास्त्राचं एक, तीन आत्मचरित्रं, असं करत दहा भरतात. पण अशी यादी हातात पडल्यावर तुमच्याजवळ नेमकं काय येतं? दहा नावं आणि माझ्यावरचा विश्वास. आज मला या विश्वासाबद्दल बोलायचं आहे. ललितेतर पुस्तक, ज्याला आपण सर्रास नॉनफिक्शन म्हणतो, ते दुसऱ्याला सुचवणं म्हणजे काय करणं आणि ते नीट कसं करावं, एवढाच आजचा विषय.

मी एखादी कादंबरी सुचवली आणि ती तुम्हाला रुचली नाही, तर तुमच्या दोन संध्याकाळी गेल्या. तुमची आणि माझी आवड वेगळी आहे, इतकंच ठरलं. पण आहारावरचं, गुंतवणुकीवरचं, मुलं वाढवण्यावरचं किंवा एखाद्या समाजाच्या इतिहासावरचं पुस्तक सुचवलं, तर तुम्ही त्यातल्या काही गोष्टी खऱ्या मानून उठता. त्या बळावर कुणी चालू औषध बंद करतो, कुणी साठवलेले पैसे गुंतवतो, कुणी शेजाऱ्याविषयी कायमचं मत बनवतो. तिथे मला पुस्तक आवडलं की नाही, हा मुद्दा मागे पडतो. मी एका अर्थी साक्ष दिलेली असते.

साक्ष हा शब्द मी मुद्दाम वापरतो. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं चौथं, शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. आपलं बहुतेक ज्ञान असंच येतं. पृथ्वीचं वय तुम्ही मोजलेलं नाही, मीही नाही. मग भरवशाचा माणूस, म्हणजे आप्त, कोण? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचं उत्तर फार नेमकं देतो. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे इथे कूळ, पदवी, मानमरातब यांना जागा नाही. माझ्या पांढऱ्या केसांनाही नाही, बरं का!

आता या दोन अटी पुस्तक सुचवणाऱ्याला लावून बघा. पहिली अट मोडते ती पुस्तक न वाचता, कुणाचा तरी दहा मिनिटांचा सारांश ऐकून ते पुढे ढकलल्यामुळे. हे लगेच ओळखू येतं. दुसरी अट मोडलेली मात्र सहज कळत नाही. पुस्तक वाचलेलं असतं, त्यातली कच्ची बाजू दिसलेलीही असते, पण शिफारस करताना ती गिळली जाते. "अप्रतिम पुस्तक, जरूर वाचा." जाणलं होतं बरंच, सांगितलं अर्धंच. ते अर्धं राहू नये म्हणून कोणतंही पुस्तक सुचवण्याआधी मी चार प्रश्न विचारावेत असं म्हणतो.

पहिला प्रश्न : हे पुस्तक कशाच्या आधारावर उभं आहे? गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्जाने गांजलेला. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली घरातून निघाला आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो झाशीत होता. हे सगळं त्याने लिहून काढलं ते सुमारे पंचवीस वर्षांनी. ते छापून आलं १९०७ मध्ये, तेही चिंतामण विनायक वैद्यांनी त्यात बदल करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली.

मी हे पुस्तक सगळ्यांना सुचवतो. पण सुचवताना तीन गोष्टी सांगणं माझ्याकडे लागतं. झाशीतली लूट, उपासमार, जीव मुठीत धरून लपणं, हे लेखकाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तिथे त्याची साक्ष मोलाची. बंडाच्या कारणांविषयी तो जे लिहितो ते वाटेत कानावर आलेलं आहे. ते इतिहास म्हणून तपासून घ्यावं लागतं, पण त्या काळी लोक काय बोलत होते याचा पुरावा म्हणून फार उपयोगाचं आहे. आणि तिसरं, तुमच्या हातातली आवृत्ती कोणती ते बघा. एवढं सांगायला मिनिटभर लागतं. वाचणारा मात्र प्रत्यक्ष आणि ऐकीव यांच्यातली रेघ डोळ्यांसमोर ठेवून वाचू लागतो.

दुसरा प्रश्न : पुस्तक छापल्यानंतर काय घडलं? हा प्रश्न आपण फारच कमी विचारतो. डॅनियल कानेमान हे २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. त्यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' हे पुस्तक २०११ मध्ये आलं आणि जगभर वाचलं गेलं. आपण निर्णय घेताना कसे फसतो, हा त्याचा विषय. त्यातलं एक प्रकरण अशा प्रयोगांवर आहे, की माणसाच्या नकळत त्याच्यासमोर काही शब्द आणले की त्याचं वागणं बदलतं. उदाहरणार्थ, म्हातारपणाशी निगडित शब्द वाचलेली तरुण मुलं नंतर हळू चालली. ऐकायला मजेदार! पण पुढे इतर संशोधकांनी असे प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यातले बरेच जसेच्या तसे निघेनात. कानेमान यांनी २०१२ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांना पत्र लिहून सावध केलं. २०१७ मध्ये तर त्यांनी उघडपणे मान्य केलं, की थोड्याथोडक्या माणसांवर केलेल्या अभ्यासांवर आपण नको इतका विश्वास टाकला. गंमत बघा, लहान नमुन्यावरून मोठा निष्कर्ष काढण्याची खोड तज्ज्ञांनाही कशी असते, यावर त्यांनी स्वतःच एमॉस ट्वर्स्कींच्या बरोबरीने १९७१ मध्ये लेख लिहिला होता.

मग हे पुस्तक सुचवायचं की नाही? मी सुचवतो. फायदा आणि तोटा माणूस एकाच तराजूत तोलत नाही, हे त्यांचं आणि ट्वर्स्कींचं १९७९ चं काम आजही भक्कम आहे. अंदाज करताना आधी कानावर पडलेल्या आकड्याकडे आपण ओढले जातो, हा निष्कर्षही पुन्हापुन्हा तपासून टिकला आहे. तेवढं ठामपणे घ्या आणि शब्दांच्या प्रयोगांचं ते प्रकरण हात राखून वाचा, असं मी सांगतो. पुस्तक एकसंध बांधलेलं असतं म्हणून त्यातली सगळी विधानं सारख्याच ताकदीची असतात असं नाही. धान्य घेताना आपण पोत्यात हात घालून खालचे दाणे बघतो ना, तसंच हे.

तिसरा प्रश्न : लेखकाने स्वतःची अडचण स्वतः मांडली आहे का? आपल्या शास्त्रग्रंथांची रीत तुम्हाला माहीत आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, तेही त्याच्या सगळ्या जोरासकट. मग त्याचं खंडन आणि शेवटी सिद्धान्त. पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर सिद्धान्ताचीच किंमत उतरते. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ चा. त्याला आपली ही परंपरा ठाऊक असण्याचं कारण नाही, पण पहिल्या आवृत्तीचं सहावं प्रकरण त्याने आपल्या सिद्धान्तापुढच्या अडचणींनाच दिलं आहे. एका जातीतून दुसरी झाली असेल तर मधली रूपं सर्वत्र का दिसत नाहीत? डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव थोडाथोडा कसा घडेल? विरोधक जे विचारणार होते ते त्याने आधीच विचारून ठेवलं.

याचा व्यवहारात उपयोग असा. दुकानात किंवा ग्रंथालयात एखादं पुस्तक चाळताना एक पान शोधा, जिथे लेखक म्हणतो, "माझ्या मताविरुद्ध सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे." असं पान सापडलं तर भरवसा थोडा वाढवा. तीनशे पानांत लेखकाला एकही शंका आली नसेल आणि विरोधक सगळे मूर्ख किंवा लबाडच निघाले असतील, तर सुचवण्याआधी थांबा.

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : मला पटलं म्हणून सुचवतो आहे, की वाचण्याजोगं आहे म्हणून? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावलं. त्यांनी लिहिलेल्या भाषणातला काही मजकूर मंडळाला झेपेना. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला आणि परिषदच बारगळली. न झालेलं ते भाषण त्यांनी पदरमोड करून छापलं, पंधराशे प्रती. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट', मराठीत आपण 'जातिनिर्मूलन' म्हणतो ते.

त्यावर त्याच वर्षी गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं. मूळ प्रतिपादनाशी त्यांचा स्पष्ट मतभेद होता. पण कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही आणि सनातन्यांनीही ते वाचावं, असं त्यांनी लिहिलं. इतकंच नाही, पुस्तकाची किंमत आठ आणे आहे ती दोन आण्यांवर, निदान चार आण्यांवर आणावी, असंही सुचवलं. विचार करा, जे पुस्तक पटलेलं नाही ते स्वस्त व्हावं, जास्त हातांत जावं, अशी ही सूचना आहे. आणि बाबासाहेबांनी काय केलं? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे ते लेख छापले आणि त्यांना आपलं सडेतोड उत्तर जोडलं. तेव्हापासून तो ग्रंथ हातात घेणाऱ्याला भाषण, त्यावरचा आक्षेप आणि आक्षेपाला उत्तर, तिन्ही एकाच बांधणीत मिळतात. निवाडा वाचकाने करायचा.

आपल्याकडे आज शिफारस म्हणजे गटाची खूण झाली आहे. अमुक पुस्तक सुचवलं की माणूस अमुक बाजूचा. परिणाम असा, की ज्याला एखादं पुस्तक वाचण्याची खरी गरज आहे त्याच्यापर्यंत ते कुणी पोचवतच नाही. इतिहासाबद्दल सारख्याच मतांचे वीस जण एकमेकांना तेच पुस्तक देत बसतात.

आता हे चारही प्रश्न एका शिफारशीत कसे बसतात ते दाखवतो. इरावती कर्वे यांचं 'युगान्त', १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. मी असं सांगेन : "महाभारतातली माणसं देवपण बाजूला ठेवून माणसं म्हणून कशी दिसतात, हा या पुस्तकाचा प्रश्न. लेखिका मानवशास्त्रज्ञ, आणि आधार भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. काही ठिकाणी, उदाहरणार्थ विदुर हा धर्मराजाचा पिता असावा या तर्कात, त्या पुराव्याच्या पलीकडे अनुमानाने जातात. ते अनुमान म्हणूनच वाचा. महाभारताची कथा ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी हे आहे, पहिल्या ओळखीसाठी नाही." पाचसहा वाक्यं झाली. पण पटलं नाही तर नेमकं कुठे भांडायचं, हेही ऐकणाऱ्याला कळलं.

श्रोत्यांतून एका ताईंची चिठ्ठी आली आहे : "पुस्तक पूर्ण वाचलेलं नसेल तर सुचवूच नये का?" सुचवावं की! फक्त "मी पहिली चार प्रकरणं वाचली आहेत" एवढं बरोबर सांगावं. वात्स्यायनाची अट तेवढ्याने पुरी होते.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करा. तुम्हाला न पटलेलं, पण दुसऱ्याने वाचावं असं वाटणारं एक पुस्तक निवडा आणि त्याविषयी पाच वाक्यं लिहून आणा. पुढचं व्याख्यान आपण त्या वाक्यांपासूनच सुरू करू.