पिल्लं ओरडतात तेव्हा

आमच्या बचत गटाच्या हिशेबाच्या वहीत २०१८ च्या डिसेंबरातलं एक पान आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘आणलेली पिल्लं १००, मेलेली ४१.’ गटातल्या बायकांना कोंबडीपालन सुचवलं होतं मी. कर्जाच्या कागदावर सह्या घेत दारोदार फिरले होते मी. आणि ब्रूडर हा शब्द मला फक्त वाचून माहीत होता. कोंबडीच्या पंखांखालची ऊब आपण बल्ब लावून द्यायची, ती जागा म्हणजे ब्रूडर. एवढं पाठ होतं, म्हणजे सगळं आलं असं बी. ए. झालेल्या मला वाटलं!

पिल्लं वनराजा जातीची होती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसातल्या पालनासाठी तयार केलेली ही जात. एका दिवसाची, मुठीत मावतील एवढी पिल्लं. गटातल्या सर्वांत धाकट्या मैत्रिणीच्या पडवीत आम्ही ती ठेवली. तिला दोन लहान मुलं, नवरा बाहेरगावी कामाला. कोपऱ्यात पोतं अंथरलं, वर एक बल्ब टांगला, झालं. दुसऱ्या रात्री वीज गेली. सकाळी मी पोचले तेव्हा ती घमेल्यात मेलेली पिल्लं भरत होती.

“ताई, रात्री लई वरडत हुती. मला वाटलं भूक लागली, म्हनून दानं टाकलं. मग गप झाली. म्हटलं, निजली असतील.”

ती निजली नव्हती. गारठली म्हणून एकमेकांच्या उबेला कोपऱ्यात गेली, एकावर एक चढली आणि खालची चेंगरून गेली. पुढच्या बैठकीत हे नुकसान तिच्या एकटीच्या नावावर टाकायचं का, यावरून खूप वादावादी झाली. शेवटी ते सगळ्यांनी वाटून घेतलं. पण ती बैठकीत मान खाली घालून बसली होती, ते मला आजही आठवतं. चूक तिची नव्हतीच. शिकवायला हवं होतं मी.

त्यानंतर मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर वही उघडून बसले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पिल्लाच्या अंगावरची लव म्हणजे पिसं नव्हेत. पिसं फुटेपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार आठवडे, त्याला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस निभावून नेतं, पण थंडीपुढे त्याचं काही चालत नाही. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. दाणे दिले, ऊब नाही.

दुसऱ्या वेळी कोपराच ठेवला नाही. जाड पुठ्ठ्याचं दीड फूट उंचीचं गोल कडं केलं. गोलात चेंगरायला जागाच मिळत नाही. खाली दोन-तीन इंच भाताचं कोरडं तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर पिल्लं तूसच खातात. कागद रोज बदलायचा. (ही पुरवणी वाचून झाल्यावर खुशाल वापरा, फक्त चकचकीत पान नको. त्यावर पाय घसरून फाकतात.) पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब, म्हणून शंभराचे दोन बल्ब. एक उडाला तर दुसरा असतो. आणि बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. आता दुकानात तारेचा बल्ब मागितला की दुकानदार आपल्याकडे बघतच राहतो, म्हणून दोन जास्तीचे आणून ठेवलेले बरे. पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच बल्ब लावून जागा तापवायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंशांनी कमी. त्यासाठी बल्ब थोडाथोडा वर घ्यायचा.

पण तापमापक नसला तरी अडत नाही. हे मला शेजारच्या वाडीतल्या आजींनी दाखवलं. त्यांचा सगळा जन्म खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवण्यात गेलेला. म्हणाल्या, “काच कशाला बघतीस? पिल्लांकडं बघ की.” बल्बखाली दाटी करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. लांब कडेला जाऊन चोची उघडून, पंख पाडून बसली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर कुठून तरी वारा शिरतोय. आणि कड्यात सारखी पसरून काही खातायत, काही झोपलीत, तर आपणही झोपायला हरकत नाही. तरी पहिले चार-पाच दिवस रात्री एकदा तरी उठून बघायचंच. तान्ह्या मुलासाठी उठतोच ना आपण?

वीज गेली तर बाटल्यांत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवायच्या, आणि कड्यावर वरून पोतं टाकायचं, वाऱ्याला फट सोडून. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात नको. तो धूर जसा पिल्लांना वाईट, तसाच शेजारी झोपलेल्या मुलांनाही.

पिल्लं आली की आधी कोमट गूळपाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा. पाण्याच्या थाळीत खडे टाकायचे, म्हणजे ती भिजत नाहीत. तूस ओलं झालं की लगेच काढायचं. आपण वाकल्यावर डोळे चुरचुरले, तर पिल्लांचं काय होत असेल! ओल्या तुसातूनच रक्ती हगवण येते. मानमोडीची लस पाचव्या ते सातव्या दिवसात, गंबोरोची चौदाव्या दिवशी, आणि अठ्ठाविसाव्याला पुन्हा मानमोडीची. लस बर्फात आणायची आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवायची. म्हणून आम्ही चार घरची पिल्लं एकाच दिवशी उरकतो.

त्या दुसऱ्या खेपेला शंभरातली ९४ जगली. पडवी तीच, मैत्रीणही तीच. तिनं नको म्हटलं होतं, मीही फार आग्रह केला नाही. पण आठ दिवसांनी तीच पुठ्ठा घेऊन दारात आली.

आता ती पिल्लं महिनाभर सांभाळते आणि गटातल्या ज्या बायका रोजानं शेतावर जातात, त्यांना विकते. त्यांना रात्री जागणं कुठलं जमायला? परवा एकीनं घाई केली, पंधरा दिवसांचीच दे म्हणाली. हिनं एक पिल्लू उचललं, पंख पसरून तिला दाखवला आणि म्हणाली, “पिसं कुठं फुटलीत अजून? पुढच्या पंधरवड्याला या.”