उंबऱ्याच्या आतले हसू

भोपाळमध्ये सरकारी नोकरीत असताना शासनव्यवस्था जवळून पाहिलेल्या शरद जोशी या हिंदी व्यंगलेखकाने दूरदर्शनच्या ‘ये जो है जिंदगी’ (१९८४) या मालिकेचे लेखन केले. रणजित व रेणू हे जोडपे आणि त्यांच्याकडे राहणारा रेणूचा बेकार भाऊ राजा, या तिघांच्या सहवासातील अडचण हाच तिच्यातील विनोदाचा झरा.

या विनोदाचे बळ साधेपणात आहे. येथे खलनायक नाही. हसू स्वभावांतून आणि गैरसमजांतून फुटते. सतीश शाह भागागणिक नव्या रूपात अवतरत, त्यामुळे ठरावीक चौकटीतही ताजेपणा टिकला.

मर्यादाही त्या चौकटीचीच. भाग संपताना घराची घडी पूर्ववत बसावीच लागते. म्हणून राजाची बेकारी ही व्यथा न होता थट्टेचे निमित्त ठरते. याच जोशींनी ‘जीप पर सवार इल्लियां’ या लेखात हरभऱ्यावरील अळ्या पाहायला निघालेल्या अधिकाऱ्यांनाच पीक फस्त करणाऱ्या अळ्यांच्या रांगेत बसवले होते. मालिकेतील हसू मात्र उंबरा ओलांडत नाही. ते मन हलके करते. अस्वस्थ करणारे जोशी त्यांच्या लेखांतच भेटतात.