अंगठ्यावर भार नको
(वाद्य आणि शरीर : भाग 6)

उजवा अंगठा दुखायला लागला की बास क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा हात आधी थंब रेस्टच्या, म्हणजे अंगठा टेकवायच्या आधाराच्या, स्क्रूकडे जातो. दुखण्याचं मूळ बऱ्याचदा तिथे नसतंच.

साध्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचं वजन सुमारे 800 ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं उजव्या अंगठ्यावर येतं. वरातीत वाजवणाऱ्या बँडवाल्याचा अंगठा पाहा, म्हणजे कळेल. बासचं गणित वेगळं. लो-सीपर्यंत उतरणारं वाद्य तीन किलोंच्या पुढे जातं. हा भार जमिनीवर टेकलेल्या पेगने किंवा गळ्यातल्या पट्ट्याने घ्यायचा. अंगठ्याने वाद्य डगमगू द्यायचं नाही आणि हात जागेवर ठेवायचा, बस्स.

म्हणून आधी पेग. ताठ बसा आणि माउथपीस तोंडाशी येईल इतका पेग वर-खाली करा. मान माउथपीसकडे न्यायची नाही. मग उजवा हात पूर्ण सोडून द्या. माउथपीस जिथल्या तिथे राहिला तर ठीक. वाद्य खाली ओढलं गेलं किंवा कलंडू लागलं, तर स्क्रूला हात लावू नका, आधी पेगच पुन्हा नीट करा.

आता थंब रेस्ट. पाण्याचा पेला धरताना हात जसा वळतो, तसाच वाद्यावर ठेवा. अंगठा तर्जनीच्या समोर, फार तर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये येतो. रेस्ट तिथे आणायचा. तो खाली राहिला तर मनगट मुरडतं आणि तर्जनी वर ताणावी लागते. फार वर गेला तर करंगळीला तिच्या कीपर्यंत पोचताना कष्ट पडतात. टेकायची जागा नखाच्या बुडाची कड. सांध्याच्या मागे रेस्ट गेला की मूठ आवळली जाते.

बास इथे थोडा फसवतो. छोट्या क्लॅरिनेटवर बोट घसरलं की छिद्र उघडं राहतं आणि सूर लगेच किंचाळतो. बासवर उजव्या हाताची छिद्रं पॅडच्या झाकणांखाली असतात. हात वाकडा असला तरी सूर निघत राहतो आणि चूक उशिरा, मनगटाच्या दुखण्यातून समजते. पारख करायची तर द्रुत तानांवर नको. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेरामध्ये राजा मार्केच्या प्रसंगी बासला संथ, लांब एकल भाग आहे, असं काही वाजवताना अंगठा नकळत आवळतो का, तेवढं बघा.

लो-सी वाद्यावर आणखी एक पेच. अगदी खालच्या स्वरांच्या काही की बहुधा उजव्या अंगठ्याकडेच असतात. रेस्ट हलवला की त्यांचं अंतरही बदलतं. बोटांना सुखाची जागा सापडली, तरी खर्जातला डी आणि सी घेऊन पाहिल्याशिवाय स्क्रू कसू नका. रबराची गादी चढवलीत तर हीच पारख पुन्हा करा, कारण गादीच्या जाडीने अंगठा मागे सरकतो.

एका वेळी मिलिमीटर-दोन मिलिमीटरच हलवा, जुन्या जागेची पेन्सिलने खूण ठेवा आणि चार-सहा दिवस वाजवून मग ठरवा. स्क्रू बेताने कसा. आटे झिजले की रेस्ट ऐन वादनात घसरतो.

काही जुन्या वाद्यांवर रेस्ट सरकत नाही, लाकडातच स्क्रूने पक्का बसवलेला असतो. तो हलवायचा तर नवी भोकं पाडावी लागतात, जुनी बुजवावी लागतात. ते काम वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. घरचं ड्रिल यंत्र कपाटातच राहू द्या.