तिकीट नसलेले दार

पावसाळा सरतो, फटाक्यांचा धूर विरतो आणि मुंबईतल्या कलावंतांचे खरे दिवस सुरू होतात. नोव्हेंबर उजाडला की जुहूच्या पृथ्वी थिएटरात नाट्योत्सवाची लगबग. थंडीत राज्य नाट्य स्पर्धेची हौशी मंडळी नोकऱ्या सांभाळून तालमींना धावू लागतील. 25 जानेवारीच्या रात्री चतुरंगच्या ‘सवाई’ एकांकिका सुरू होतात, त्या प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालण्याची प्रथा आहे. तिथले जागरण उतरते न उतरते तोच काळा घोडा परिसरातला नऊ दिवसांचा कलामहोत्सव दारात उभा. 1999 पासून त्याने पाय रोवले आहेत. एवढे ताट वाढलेले असताना आपण मात्र त्यातला एकच पदार्थ उचलतो. तो म्हणजे नाटक.

नाटकाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे रविवारचे वर्तमानपत्र आले की नाटकांच्या जाहिरातींचे पान आधी सौभाग्यवतींकडे जाते. उरलेल्या बातम्या माझ्या वाट्याला येतात! शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ ही नावे तर आपण आत्यामामांच्या घरांसारखी उच्चारतो. पण याच कुटुंबाला म्हणून पाहा, ‘चला, जहांगीर कलादालनात चित्रे पाहून येऊ.’ सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतील. ‘आपल्याला त्यातले काय कळते?’

प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’विषयी वर्गात बोलताना मी मुलांना एकदा सहज म्हटले, की जहांगीरला एक चक्कर टाका. तास संपल्यावर एक मुलगा माझ्यापाशी आला. ‘‘सर, तिकीट कितीचं असतं?’’ तिकीट नसते, असे मी सांगितले. तो जरा घुटमळला. ‘‘मग आत कुणाच्या ओळखीनं जायचं?’’

या प्रश्नाने मी चरकलो. पैसे लागत नाहीत म्हणजे वशिला लागत असणार, असे त्याला वाटले. खरे तर सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून 1952 साली हे कलादालन उभे राहिले, ते सर्वांसाठी. सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत कुणीही आत जावे. नाव विचारत नाहीत, गावही विचारत नाहीत. आत भिंतींवर चित्रे आणि एका कोपऱ्यात बहुधा स्वतः चित्रकारच बसलेला असतो. समोर टेबल, टेबलावर अभिप्रायाची वही. ही जागा मिळावी म्हणून त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिलेली असते. आणि ती मिळते आठवडाभरासाठी. दुपारी दोनच्या सुमारास कधी डोकावलात तर हा गृहस्थ पावलांच्या आवाजाकडे कान लावून बसलेला दिसेल. नटाला निदान टाळ्या ऐकू येतात हो!

आणि चित्र आपल्याला परके कधी होते? दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ सुरू केला, मुळगावकरांची चित्रे तर घरोघरी पोहोचली. कित्येक घरांत दिवाळी अंक वाचून रद्दीत गेला, पण मुखपृष्ठ कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले राहिले. चित्र आपण होऊन आपल्याकडे आले, तेव्हा आपण त्याला पाट दिला. त्याच्या घरी जायचे म्हटले की मात्र आपले पाय जड होतात.

नृत्याची गत याहून वाईट. मुलीला भरतनाट्यमच्या वर्गाला घालायचे, तिच्या अरंगेत्रमला नातेवाईक जमवायचे, आणि नंतर दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम जन्मात पाहायचा नाही, असा आपला शिरस्ता. ‘भाषा कळत नाही’ ही सबब तयार असते. ती मला, मराठीच्या मास्तराला, विशेष झोंबते. कारण तंजावरच्या सरफोजीराजांच्या नावावर मराठीतल्या नृत्यरचना आहेत. त्यांची हस्तलिखिते अभ्यासून आचार्य पार्वतीकुमार यांनी ती निरूपणे भरतनाट्यमच्या मंचावर आणली, आणि हे आचार्य मुंबईचेच. 2012 साली ते गेले. भरतनाट्यमच्या एखाद्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘निरूपण’ हा शब्द दिसला तर सबब घरी ठेवून निघा. शब्द आपलेच असतील.

सुरुवात सोपी हवी असेल तर प्रभादेवीला जा. रवींद्र नाट्यमंदिर नूतनीकरणानंतर 2025 मध्ये पुन्हा उघडले आणि तिथल्या पु. ल. देशपांडे कला अकादमीत कलादालनही आहे. नाटकाला अर्धा तास आधी पोहोचलात तर चित्रे पाहून होतील. बटाटेवड्याच्या वेळेला धक्का लागणार नाही.

जहांगीरला जायचे तर एक ध्यानात ठेवा. तिथली बहुतेक प्रदर्शने मंगळवारी लागतात नि पुढच्या सोमवारी उतरतात. चर्चगेटहून किंवा बोरीबंदरहून चालत जाता येते. रस्त्यापलीकडच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला मात्र तिकीट आहे आणि ते सोमवारी बंद असते. म्हणून दोन्ही पाहायची तर सोमवार टाळा. मुलांना बरोबर न्या, आणि चित्र उलटे टांगले आहे का, असे त्यांनी मोठ्याने विचारले तर दटावू नका. चित्रकार तिथेच बसलेला आहे. उत्तर तो देईल.