गिअरबॉक्सचं तेल आटलं की
परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिन ओरडतंय, पण गाडी त्या मानाने पळत नाही? घाटाला दोष देऊ नका. ऑटोमॅटिक गाडीत तेलाच्या दाबावरच गिअर धरला जातो. तेल कमी झालं की पकड सुटते. ‘डी’ टाकल्यावर गाडी थबकते, मग झटक्याने निघते. साध्या गिअरच्या गाडीत घूंऽऽ आवाज येतो, गिअर अडतो. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळतंयच. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा. सकाळी लालसर किंवा तपकिरी, तेलकट डाग दिसला तर गॅरेज गाठा. एसीचं पाणी वेगळं, त्याची काळजी नको. अकोल्याच्या ४५ अंशांत उरलेलं तेल लवकर तापतं, करपल्याचा वास येतो. तसा वास आला तर अमरावतीपर्यंत शंभरेक किलोमीटर रेटू नका. टोइंग बोलवा, नव्या गिअरबॉक्सपेक्षा ते कितीतरी स्वस्त.