तरुण सूर्यांची आतषबाजी

10 मे 2024 ची रात्र इथे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण विसरणार नाहीत. रात्री अकराला शेजारीणबाईंनी दार वाजवलं आणि आम्ही सगळे झोपायच्या कपड्यांतच अंगणात धावलो. डोक्यावर गुलाबी-हिरवं आकाश! न राहवून साताऱ्याला आईला उठवलं आणि मोबाइल वर धरून दाखवलं. ती म्हणाली, "सूर्यनारायणाची लीला, बाई!" नऊ वर्षांची लेक मात्र मला बिलगली. "आई, सूर्य चिडलाय का? याहून जास्त चिडला तर?"

इकडे येण्याआधी पाच वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. 'सूर्य हा मध्यम आकाराचा, स्थिर तारा' हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! तेच सांगून लेकीला झोपवता आलं असतं, पण जीभ रेटेना. मग वाचायला घेतलं, आणि उत्तराची सुरुवात सापडली मृग नक्षत्रात.

मृगातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका दिसतो. तो तेजोमेघ म्हणजे सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर असलेलं ताऱ्यांचं बाळंतघर. जानेवारी 2003 मध्ये 'चंद्रा' या अवकाश दुर्बिणीने जवळजवळ तेरा दिवस त्यावर नजर रोखली. दुर्बिणीचं हे नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलेलं. ती क्ष-किरण टिपते. हे किरण आपल्या हवेतून जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते.

पण क्ष-किरणच का? ताऱ्याच्या चुंबकीय रेषा पिळवटून तुटतात आणि पुन्हा जुळतात, तेव्हा तिथला वायू कोट्यवधी अंश तापतो. इतका तापलेला वायू मुख्यतः क्ष-किरणांतच झळकतो. हीच ती ज्वाला.

त्या तेरा दिवसांत चौदाशेच्या आसपास तरुण तारे टिपले गेले. त्यांतले 28 साधारण सूर्याच्याच वजनाचे, पण वयाने जेमतेम दहा लाख ते एक कोटी वर्षांचे. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा! या बाळसूर्यांवर सरासरी आठवड्याला एक प्रचंड भडका उडत होता. त्यापुढे आपल्या सूर्याची ज्वाला म्हणजे फुलबाजी. तरुण तारा भराभर गिरक्या घेतो, त्यामुळे त्याचं चुंबकत्व जोरदार असतं. वय वाढतं तशी त्याच्यातून वाहणारी कणांची झुळूक ती गिरकी मंदावते आणि तारा निवतो.

म्हणजे आपला सूर्यही लहानपणी असाच दंगेखोर असणार! अशा भडक्यांमुळे भोवतालची धूळ-वायूची तबकडी घुसळली जाते आणि त्यामुळेच कदाचित पृथ्वीसारखे ग्रह ताऱ्यात ओढले जाण्यापासून वाचतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी तेव्हा मांडला.

पण निवला म्हणजे विझला नाही. 1 सप्टेंबर 1859 ला इथल्याच रेडहिल गावी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला, आणि त्यानंतर जगभरच्या तारयंत्रांचा गोंधळ उडाला. मार्च 1989 मध्ये सौर वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली. केप्लर दुर्बिणीने साध्या प्रकाशात पाहिलेल्या 56,450 सूर्यासारख्या ताऱ्यांचा अभ्यास डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. तो सांगतो, अशा ताऱ्यावर साधारण शंभर वर्षांत एकदा महाज्वाला उसळते. आपल्या सूर्याला हाच हिशेब लागू आहे का, हे अजून ठरायचं आहे.

लेकीला मी खरं तेच सांगितलं. क्ष-किरणांपासून हवेचं पांघरूण आपल्याला वाचवतं, पण दिवे जाऊ शकतात. म्हणून भारताच्या आदित्य-एल1 सारखी यानं सूर्यावर सतत डोळा ठेवून असतात. त्यावरची एक दुर्बीण तर पुण्याच्या आयुकात घडली आहे.

तिने विचार केला. "मग फोन बंद पडला तर आजीशी कसं बोलायचं?"

सूर्याचं उत्तर मिळालं होतं, याचं माझ्याकडे नव्हतं. सध्या ती आजीला मराठीत पत्र लिहायला शिकते आहे. जोडाक्षरं चुकतात, पण पत्र पोचतं.